तळहाताकडे दाखवलेलं बोट

एखाद्याला शहरातला बोळन् बोळ पाठ असला, की चिनी माणूस चार अक्षरांत सांगून मोकळा होतो: 'ल्याओ-रू-झी-झांग'. ल्याओ म्हणजे उमगणं, रू म्हणजे सारखं, झी म्हणजे बोट दाखवणं, झांग म्हणजे तळहात. आपलाच तळहात दाखवावा इतकं लख्ख कळलेलं. आपलं 'हस्तामलकवत्' याच्या जवळचं. फक्त आपल्या हातावर आवळा आहे.

गंमत अशी, की पूर्ण जाणतेपणाच्या या वाक्प्रचाराचा उगम 'मला ठाऊक नाही' या उत्तरात आहे. आजच्या शानदोंग प्रांतात तेव्हा लू राज्य होतं. तिथल्या कन्फ्युशियसला (इ.स.पू. 551–479) कुणीतरी 'दी' या पितृपूजेच्या महाविधीचा अर्थ विचारला. विचारणाऱ्याचं नाव 'लुन यू' या कन्फ्युशियसच्या वचन-संवादांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात दिलेलं नाही. कन्फ्युशियस म्हणाला, 'ठाऊक नाही. ज्याला तो कळला त्याला सगळं जग म्हणजे हे इथं बघण्यासारखं!' आता 'इथं' म्हणजे कुठं? नुसत्या बोलण्यावरून कळलं नसतं, म्हणून लिहून ठेवणाऱ्यानं शेवटी तीन अक्षरं जोडली: 'दाखवला आपला तळहात'. सगळा वाक्प्रचार या तीन अक्षरांवर उभा आहे.

त्याला खरंच ठाऊक नव्हतं? लगेच आधीच्या नोंदीत तो म्हणतो, की दी विधीत अर्घ्य दिल्यानंतरचं पुढचं मला बघवत नाही. हा विधी मुळात लूसारख्या राज्यांचा अधिपती असलेल्या झोउ राजाच्या अधिकारातला, आणि चालायचा लूच्या दरबारात. बाराव्या शतकातल्या झू शी या भाष्यकाराच्या मते 'ठाऊक नाही' म्हणणं हे आपल्या राज्याच्या अब्रूवर पांघरूण होतं. मला ते पटतं. न कळलेल्या गोष्टीसाठी कुणी इतकी नेमकी उपमा देत नाही.

पुढे 'झोंग योंग' या ग्रंथात तळहाताची उपमा राहिली, 'ठाऊक नाही' गळून गेलं. पहिल्या शतकातला टीकाकार बाओ श्येन याने त्या रिकाम्या हातात काहीतरी ठेवलं: 'तळहातावरची वस्तू दाखवावी तसं, म्हणजे समजायला सोपं'. या समजण्यासाठी त्यानं वापरलेलं अक्षर 'ल्याओ'च. 1345 साली पूर्ण झालेल्या सोंग घराण्याच्या इतिहासात तत्त्वज्ञ झोउ दुन्यीच्या लेखनाबद्दल चारही अक्षरं एकत्र भेटतात, फक्त 'रू'च्या जागी त्याच अर्थाचं 'रुओ' आहे.

'झी'चा दुसरा अर्थ बोट. त्यामुळे 'बोटं आणि तळहात यांच्याइतकं ओळखीचं' असाही अर्थ लावला जातो. ऐकायला तो बरा वाटतो, पण मुळात ते क्रियापद आहे.