ईडिपसला गर्वाने बुडवलं?

'शोकांतिकेचा नायक गर्वामुळे बुडतो, असं ॲरिस्टॉटलने सांगितलंय' हे वाक्य गाइडांतून आणि परीक्षेच्या उत्तरांतून पिढ्यानपिढ्या फिरतंय. ॲरिस्टॉटल असं म्हणालेला नाही. 'काव्यशास्त्रा'च्या 13व्या प्रकरणात तो सांगतो की असा नायक दुष्टपणामुळे नव्हे, तर हातून घडलेल्या मोठ्या चुकीमुळे कोसळतो. गर्वाचं तिथे नावही नाही. उदाहरणात मात्र ईडिपस आहे.

आता ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ईडिपसवरचं नाटक उघडा. बापाचा खून आणि आईशी लग्न तुझ्या नशिबी आहे, असं देववाणीने सांगितल्यावर ईडिपस काय करतो? ज्यांना आईबाप समजतो, त्यांच्यापासून लांब राहायचं म्हणून कॉरिंथ सोडतो. वाटेत एका तिठ्यावर रथातला म्हातारा परोणीने त्याच्या डोक्यात हाणतो. हा काठीने उलट तडाखा देतो, म्हातारा खाली कोसळून मरतो. तो लायस, त्याचा जन्मदाता. इथे राग आहे, अविचारही आहे. पण खरी गोम अशी की समोर कोण आहे हे त्याला ठाऊकच नाही!

पुढे तो टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्यावर उखडतो, मेहुणा क्रेऑनवर कटाचा आळ घेतो. उद्धटपणा म्हणायचा तर हाच. पण तोवर खून होऊन वर्षं लोटलीत, नकळत आईशी लग्न झालंय, चार मुलंही झालीत. आजचा माज कालच्या गुन्ह्याचं कारण कसा ठरेल? कोरस, म्हणजे नाटकातला गाणाऱ्यांचा समूह, उन्मत्तपणाबद्दल गातो खरा, पण ते गाणं नेमकं कुणाला उद्देशून आहे यावर अभ्यासकांचं एकमत नाही.