नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग: दोन पाट्या, एक घोळ

"मी गाडीतच बसलोय ना, पार्क कुठं केलीय?" संभाजीनगरची गुलमंडी असो, लातूरची गोलाई असो की तालुक्याचा मोंढा, पोलिसानं हटकलं की हे उत्तर ठरलेलं. पाटी कुठली आहे हे वर मान करून कुणी बघतही नाही.

नो पार्किंग सगळ्यांना ठाऊक आहे. निळी गोल पाटी, लाल कड, एक तिरपी लाल रेघ. तिथं गाडी लावून गेलात तर टोइंगवाले उचलून नेतात, विषय संपला. त्याच निळ्या गोलावर दोन रेघांची फुली असेल तर ती नो स्टॉपिंग.

घोळ होतो तो पुढं. ड्रायव्हर आत आहे की बाहेर, इंजिन चालू आहे की बंद, यावर काहीच ठरत नाही. गाडी कशासाठी थांबली, यावर ठरतं. नो पार्किंगमध्ये आईला उतरवलं, पिशवी हातात दिली आणि निघालात, तर चालतं. मंडळी साडीच्या दुकानातून बाहेर येईपर्यंत स्टेअरिंग धरून बसलात, तर ते पार्किंगच. नो स्टॉपिंगमध्ये मात्र आईलाही उतरवायचं नाही. सिग्नल, पुढची अडलेली रांग किंवा पोलिसाचा हात, एवढ्यासाठीच तिथं चाक थांबावं. आणि चारी इंडिकेटर लावले की कुठंही उभं राहता येतं, ही समजूत आधी डोक्यातून काढा. ते दिवे अडचणीत सापडलेल्या गाडीसाठी आहेत, तुमच्या खरेदीसाठी नाहीत.

एवढा कडक नियम कशाला, हे चौकाच्या तोंडाशी उभं राहिलं की दिसतं. सिग्नल हिरवा होतो, डावीकडे एक रिक्षा सवारी घेत असते. मागच्या दोन रांगा एकीत घुसायला बघतात, हॉर्न वाजतात, हिरवा संपतो आणि निम्म्या गाड्या जागेवरच. चौक ओलांडल्या ओलांडल्या थांबणारी रिक्षा तर त्याहून वाईट. तिच्यामागची शेपटी चौकातच अडकते आणि आडव्या रस्त्याला हिरवा मिळूनही हलता येत नाही. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं एका रस्त्याचं तोंड तुंबलं की तिकडं वळणाऱ्या गाड्या गोलातच उभ्या राहतात आणि बाकीच्या रस्त्यांनाही आत शिरता येत नाही. दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात कडेला लावलेली गाडी थोडी रुंदी खाते. तोंडाशी मिनिटभर थांबलेली गाडी अख्खा चौक खाते.

पायी चालणाऱ्याचं तर विचारूच नका. झेब्रा क्रॉसिंगला खेटून छोटा हत्ती उभा असला की त्याच्या पुढून दप्तर घेऊन निघालेली पोरगी मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, तिलाही तो दिसत नाही. हत्तीचा ड्रायव्हर आत बसलाय, म्हणून आडोसा काही कमी होत नाही.

म्हणून चौक ते चौक सरसकट नो पार्किंग लावायला माझा विरोध आहे. कुणी पाळत नाही आणि कारवाईही जमत नाही. त्यापेक्षा चौकाच्या चारी तोंडांशी थोड्याच अंतराचं नो स्टॉपिंग ठेवा, पण तिथं कुणालाही सूट देऊ नका. मधल्या पट्ट्यात अर्ध्या तासाची, पैसे देऊन पार्किंग करा. सकाळी शटर उघडताना लावलेली दुकानदाराची स्कूटर रात्री शटर पाडेपर्यंत तिथंच असते, गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही ती त्यामुळं.

त्याच शटरवर रंगवलेलं असतं: "येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल." या पाटीला कायद्यात काडीची किंमत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे वाहतुकीच्या पाट्या लावण्याचा अधिकार कलम 116 खाली आणि पार्किंगच्या जागा ठरवण्याचा कलम 117 खाली सरकारला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या यंत्रणेला आहे. दुकानासमोरचा रस्ता दुकानाचा नसतो. उलट, कसलीच पाटी नाही म्हणून वाट अडवून गाडी सोडून गेलात, तरी कलम 122 लागू होतं.

रिक्षावाल्यांना नुसतं हाकलून मात्र भागणार नाही. सवारी कोपऱ्यावर उभी राहते, म्हणून रिक्षाही कोपऱ्यावर थांबते. स्टँड नो स्टॉपिंगच्या पलीकडं द्या आणि तिथवरच्या फूटपाथवरचे कपड्यांचे पुतळे, चपलांचे स्टँड आधी दुकानात घ्यायला लावा. चालायला जागा झाली की सवारी स्टँडपर्यंत जाईल.