हलक्या डंबेलच्या पुढे

जिम सुरू केलेल्या कितीतरी जणी पहिले महिने ट्रेडमिलवरच काढतात. डंबेल हाती घेतलंच, तर ते एक-दोन किलोचं. जड उचललं की अंग पुरुषी दिसेल, ही धास्ती त्यामागे असते. पण स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन स्त्रियांच्या रक्तात पुरुषांच्या मानाने दहा-वीस पटींनी कमी असतं. स्नायू वाढतात, पण सावकाश, आणि मुळात कमी असल्याने बेताचेच. ताकद मात्र, जिथून सुरुवात केली त्याच्या तुलनेत, पुरुषांइतकीच वाढू शकते.

पहिल्या काही आठवड्यांत तर स्नायूंचा आकार फारसा बदलत नाही आणि तरीही उचलता येणारं वजन भराभर वाढतं. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले स्नायुतंतू यांचा एक गट असतो. नवख्या व्यक्तीला जोर लावताना असे सगळे गट एकदम कामाला लावता येत नाहीत, आणि उलट बाजूचे स्नायू उगीचच ताठ राहून अडथळा करतात. सरावाने मेंदू जास्त गटांना हाक देतो, संदेश जलद धाडतो, विरोधी स्नायूंना सैल सोडतो. स्नायूंमधले विद्युत संकेत मोजून मोरितानी आणि डीव्हरीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवलं, की सुरुवातीची वाढ मुख्यतः या शिकण्यातूनच येते.

आरशात किंवा वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही. 'फरकच पडत नाही' म्हणून नेमक्या याच टप्प्यावर व्यायाम सोडला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी किती किलो, किती रेप्स (एका दमात किती वेळा उचललं), किती सेट (असे किती फेरे) ते लिहा. प्रगती तिथे दिसेल.

वजन वाढवत नेणं हा यातला गाभा. शरीर एका भाराला सरावलं, की तोच भार पुढे काही घडवत नाही. सेट संपताना अजून दोन-तीन रेप्स नीट झाल्या असत्या असं वाटावं, इतपत वजन नवशिकीला पुरतं. त्याहून बरंच सोपं जाऊ लागलं, की थोडं वाढवायचं. आठवड्यातून दोन दिवसही चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं ते अनोळखी श्रमाने. सांध्यात टोचणारी कळ आली तर मात्र थांबायचं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती हाडांची गोष्ट. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. भार पडला की हाडातल्या पेशींना तो जाणवतो आणि तिथे नवी भर पडते. ऑस्ट्रेलियातल्या 'लिफ्टमोर' या चाचणीत हाडं विरळ झालेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या १०१ स्त्रिया होत्या, सरासरी वय ६५. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास स्क्वॉट (वजन खांद्यावर घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून ताठ उभं राहणं) आणि ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) केले, सोबत उडी मारून उतरण्याचा एक व्यायाम. वजनं चांगली जड होती. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली.

जड वजनं उचलणाऱ्या या स्त्रियाही पहिला महिना हलक्या वजनावर हालचाली शिकत होत्या आणि पुढेही प्रत्येक वेळी जाणकार प्रशिक्षक शेजारी उभा होता. ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, निदान झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारून आणि अशाच देखरेखीखाली सुरुवात करा.