तात्पर्य आणि संवाद: गोष्ट संपल्यावर विचारायचं काय?

शाळांच्या अहवालांत एक ओळ मी वर्षानुवर्षं वाचते आहे: ‘मुलांना समानतेची गोष्ट सांगून त्यांच्याशी संवाद साधला.’ प्रत्यक्षात बाईंनी गोष्ट सांगितलेली असते, शेवटी ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलेलं असतं आणि सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलेलं असतं. याला संवाद म्हणू नका. ही तात्पर्याची गोष्ट झाली.

तात्पर्याची गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको. कीर्तन ऐकत वाढलेल्या गोव्यात तर नकोच. पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा, उत्तररंगात तो पटवणारं आख्यान लावायचं. या परंपरेचा मला मनापासून आदर आहे आणि खोटं बोलू नये हे सांगायला ती पुरते. पण रंग, वंश, जात, आतले आणि भायले हे विषय आले की पुरत नाही. कारण ‘सगळी माणसं समान’ हे उत्तर मुलांना दुसरीपासून पाठ असतं, आणि मधल्या सुट्टीत तीच मुलं सावळ्या मुलाला ‘खापरी’ म्हणून हाक मारतात.

तात्पर्याची गोष्ट आणि संवाद यांतले बाकीचे फरक किरकोळ आहेत. मुलांना गोल बसवलं, बाहुल्या आणल्या, चित्रं दाखवली म्हणून संवाद होत नाही. गोल बसवूनही भाषण देता येतं. वादविवाद स्पर्धेलाही संवाद म्हणू नये, तिथे बाजू आधीच वाटून दिलेल्या असतात.

खरा फरक गोष्टीनंतरच्या प्रश्नात आहे. त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का?

मी सांगते ती एक गोष्ट घेऊ. पोर्तुगीज अमलात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं गोव्यात राबली. पोर्तुगालनं आपल्या सगळ्या मुलखातली गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम काढला तो १८६९ साली. त्याच्या कितीतरी आधी काही जण पळाले आणि घाट चढून गेले. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळच्या रानपट्ट्यातल्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण घरात आजही कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. माझ्या गोष्टीत असाच एक पळालेला मुलगा रात्री घाटाच्या पायथ्याशी पोचतो आणि एका घराचं दार वाजवतो. तिथे मी थांबते.

‘आपण त्याला मदत करायला हवी की नको?’ हा तात्पर्याचा प्रश्न. सगळे ‘हवी’ म्हणतात, तास संपतो. ‘ते घर तुमचं आहे. दार वाजलं. घरात कोण काय म्हणेल?’ याचं उत्तर मला माहीत नसतं, ते मुलांपाशी असतं. एकदा एक मुलगा म्हणाला, ‘आजी दार उघडणार नाही.’ का रे? ‘आम्ही खोली भाड्यानं देतो तेव्हा ती आधी गाव विचारते. घाटी असला तर नको म्हणते.’ वर्ग गप्प झाला. मग वडील बांधकामावर असलेली एक मुलगी म्हणाली, ‘आम्हाला तीन घरांनी नाही म्हटलेलं.’

तिला मी विचारलं नव्हतं, हे महत्त्वाचं आहे. लमाणी किंवा आदिवासी गावडा समाजातल्या मुलाला उभं करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. मूल साक्षीदार म्हणून शाळेत येत नाही. त्याला बोलावंसं वाटलं तर बोलेल, नाहीतर गप्प राहण्याचा त्याला हक्क आहे.

आता ‘आपण’ या शब्दाकडे बघा. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ आत घेतं. ‘बाहेरून आलेल्यांना आपण सामावून घेतलं पाहिजे’ हे फळ्यावरचं लाडकं तात्पर्य. समोर बसलेली लमाणी मुलगी व्याकरणानं त्या ‘आपण’मध्ये आहे आणि अर्थानं ‘बाहेरून आलेल्यां’मध्ये. तिनं हे वाक्य वहीत उतरवायचं कसं? तात्पर्य नेहमी दार आतून उघडणाऱ्याच्या बाजूनं बोलतं. दार वाजवणाराही वर्गात बसलेला आहे, हे संवादात विसरता येत नाही.

शिक्षक मला विचारतात, मुलं वाईट बोलली तर? बोलतात. २०१३च्या ऑक्टोबरअखेर पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. तेव्हा घराघरांत जे बोललं गेलं ते माझ्या चौथीच्या वर्गात जसंच्या तसं आलं: ‘ते सगळे ड्रग्ज विकतात.’ गप्प बसवलं असतं तर ते वाक्य मधल्या सुट्टीत गेलं असतं. आणि तसंच सोडून देणं हा संवाद नव्हे. मी विचारलं, ‘सगळे म्हणजे किती? तू कुणाशी बोललास? हे कुणाकडून ऐकलंस?’ तिसऱ्या प्रश्नाशी तो मुलगा अडला. मी त्याला अडू दिलं, उत्तर पुरवलं नाही.

स्नेहसंमेलनात आफ्रिकी माणूस दाखवायचा म्हणून मुलाच्या तोंडाला काजळ फासतात, ते कृपा करून बंद करा. त्या काळ्या तोंडाला प्रेक्षक हसतात, आणि खाली बसलेलं सावळं मूल ते हसणं ऐकत असतं. मग वर कितीही सुंदर तात्पर्य सांगा.

आजीबद्दल बोललेल्या त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. घरातलं वर्गात का बोलायला लावता, म्हणून चिडलेली. तिचा राग मला समजत होता. मी तिला बसवलं, चहा दिला आणि तीच गोष्ट तिलाही सांगितली, दार वाजतं तिथपर्यंत.