रोमन घरात काच कशी आली

सीरिया असो वा ब्रिटन, रोमन वस्तीचे उत्खनन सुरू झाले की खापरांच्या जोडीने निळसर हिरव्या काचेचे तुकडे निघू लागतात. बाटलीची मान, वाडग्याचा काठ, अत्तरदाणीचा बुडखा असे हे तुकडे असतात. ही काच पातळ असते, उजेडाकडे धरल्यास तिच्यात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे दिसतात आणि पुष्कळ भांड्यांच्या तळाशी, जिथे लोखंडी दांडी चिकटवून नंतर मोडून काढली जाई, तिथे खडबडीत व्रण राहिलेला असतो. रोमन सजावटकलेचा विषय निघाला की संग्रहालयांतील मोजक्या नामांकित काचपात्रांचीच चर्चा होते. परंतु ती पात्रे ज्या कौशल्यातून घडली, त्याचा पाया या साध्या, रोजच्या वापरातील काचेने घातला होता.

काच रोमनांनी शोधली नाही. इजिप्त आणि मेसोपोटेमियात इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासूनच काचेची छोटी भांडी घडवली जात होती. दांडीवर माती-शेणाचा गाभा थापायचा, त्यावर वितळलेल्या काचेचा थर चढवायचा आणि भांडे थंड झाल्यावर गाभा कोरून काढायचा, अशी ती रीत होती. पुढे ग्रीक राजवटींच्या काळात साच्यावर बसवून, मग घासून-पॉलिश करून वाडगे होऊ लागले. दोन्ही रीतींना वेळ फार लागे, म्हणून काच ही धनिकांच्या अत्तराची आणि मद्याचीच सोबती राहिली.

हे चित्र पालटले ते इ.स.पू. पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर. जेरुसलेमच्या जुन्या ज्यू वस्तीतील उत्खननात एका स्नानकुंडात भर म्हणून टाकलेला काच-कारागिरांचा कचरा सापडला आणि त्यात काचेच्याच नळ्या तापवून त्यांचे टोक फुंकून फुगवल्याचे नमुने होते. त्यांचा काळ इ.स.पू. 50 च्या सुमारास ठरतो. या कचऱ्याइतका बोलका पुरावा तयार भांड्यांतही मिळत नाही, कारण एक नवे तंत्र चाचपडत असतानाचे पहिले प्रयत्न त्यात दिसतात. लवकरच काचनळीची जागा लोखंडी फुंकणीने घेतली. पूर्वी ज्या भांड्याला दीर्घकाळ घासावे लागे, ते आता कुशल हाताखाली काही मिनिटांत तयार होऊ लागले आणि त्याला काचही कमी लागू लागली. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात रोम पाहिलेला भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की, तिथे काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो.

ही स्वस्ताई केवळ फुंकणीमुळे आली असे मानणे मात्र अपुरे ठरेल. कच्ची काच तयार करणे आणि तिची भांडी घडवणे हे दोन धंदे रोमन काळात वेगळे होते. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील बेलस नदीच्या मुखाजवळची वाळू आणि इजिप्तमधील वाडी नत्रून येथील खाऱ्या तळ्यांतला सोडायुक्त क्षार, म्हणजे नेट्रॉन, मोठ्या भट्ट्यांत वितळवून काचेच्या लाद्या काढल्या जात आणि त्या फोडून त्यांचे खडे जहाजांतून साम्राज्यभर पाठवले जात. कार्मेल पर्वताच्या पायथ्याशी अशाच चौथ्या शतकातील भट्ट्या आढळल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले. स्थानिक कारागिराने खडे विकत घ्यायचे, वितळवायचे आणि फुंकायचे. वाळूतील लोहामुळे ही काच आपोआप निळसर हिरवी होई. ती नितळ करण्यासाठी अँटिमनी किंवा मँगनीज मिसळावे लागे, आणि म्हणून नितळ काचेला जास्त भाव होता. सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. 301 च्या दरपत्रकात अलेक्झांड्रियाच्या काचेला पौंडामागे 24 दिनार आणि ज्यूडियाच्या हिरवट काचेला 13 दिनार असा कमाल दर ठरवून दिलेला आहे.

फुटकी काचही वाया जात नसे. कवी मार्शलने टायबर नदीपलीकडच्या अशा फेरीवाल्याचा उल्लेख केला आहे, जो गंधक लावलेल्या काड्या देऊन बदल्यात फुटकी काच घेई. आपल्याकडच्या भंगारवाल्याचाच हा पूर्वज म्हणता येईल. इटलीत ग्रादोजवळच्या समुद्रात बुडालेल्या एका रोमन जहाजावर तर पिंपभर फुटकी काच मिळाली, जी पुन्हा वितळवण्यासाठीच निघाली होती.

घरात या काचेने किती जागा व्यापली हे पाहण्यासारखे आहे. लांब मानेच्या कुप्यांत अत्तरे आणि तेले असत, स्नानगृहाला जाताना अंगाला लावायच्या तेलाची गोल कुपी सोबत नेली जाई, आणि चौकोनी बाटल्या पेटीत एकमेकींना चिकटून बसत म्हणून वाहतुकीला सोयीच्या पडत. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातील ज्यूलिया फेलिक्सच्या घरातल्या भित्तिचित्रात फळांनी भरलेला पारदर्शक काचेचा वाडगा आहे, आणि चित्रकाराने काचेतून दिसणारी फळेही मन लावून रंगवली आहेत. पॉम्पेईच्या स्नानगृहांत काचेची तावदाने बसवलेली होती, तर मृतांची राख ठेवण्यासाठी काचेचे मोठे झाकणदार कलश वापरले जात. इतकी नाजूक वस्तू आपल्यापर्यंत अखंड पोहोचली, याचे श्रेय बहुतांशी थडग्यांनाच जाते.

इ.स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात साच्यात फुंकण्याची रीत आली आणि त्याबरोबर नक्षीही घाऊक होऊ लागली. एनिअन नावाचा कारागीर, जो बहुधा भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सिडॉन शहराचा असावा, आपल्या भांड्यांवर ग्रीकमध्ये ‘एनिअनने घडवले’ असे उठवत असे, आणि काहींवर ‘विकत घेणाऱ्याची आठवण राहो’ अशी सदिच्छाही असे. त्याची भांडी जेरुसलेम, सायप्रस, इटली अशी दूरदूर सापडली आहेत. गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसतानाही त्याच्यासाठी चार प्रेमाचे शब्द साच्यात कोरून ठेवणारा हा माणूस मला रोमन काचेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो.

आता वळायचे ते पोर्टलँड कलशाकडे. इ.स. पहिल्या शतकाच्या आरंभीचा, जेमतेम 24 सेंटिमीटर उंचीचा हा कलश ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गडद निळ्या काचेचा फुगा वितळलेल्या पांढऱ्या काचेत बुडवून त्यावर दुसरा थर चढवला गेला आणि मग पांढरा थर कोरून आकृत्या उठवल्या गेल्या. जिथे पांढरा थर अगदी पातळ राखला आहे, तिथे खालचा निळा झिरपून छाया पडते आणि जिथे तो जाड आहे, तिथे अंग उजळते. दोन्ही काचा थंड होताना सारख्या आक्रसल्या नाहीत तर भांडे तडकते, म्हणून कोरणाऱ्याइतकाच फुंकणाराही इथे निष्णात लागे. 7 फेब्रुवारी 1845 रोजी एका माणसाने हा कलश फोडला. त्यानंतर तो एकापेक्षा अधिक वेळा जोडला गेला आहे.

ही कला ज्या दगडाची नक्कल करत होती, त्याचा धागा थेट दख्खनपर्यंत येतो. रोमन धनिकांना थराथरांच्या पट्टेदार अकीकात, म्हणजे सुलेमानी दगडात, कोरलेल्या आकृत्यांची अतोनात आवड होती. हिंदी महासागरातील व्यापाराचे वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक वृत्तांतात पैठणहून असा दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांतून भडोचला येतो असे नोंदवले आहे, आणि भडोचला उतरणाऱ्या पाश्चात्त्य मालाच्या यादीत कच्ची काचही आहे. पैठणच्या बाजारातून दगड जाई आणि त्याच बंदरातून काच येई, ही नोंद महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास लिहिताना अधिक ठळकपणे मांडली जायला हवी.

पुढील शतकांत कोलोन हे ऱ्हाइनकाठचे शहर काचकामाचे मोठे केंद्र बनले. तिथल्या पेल्यांभोवती काचेचीच सुटी वाटावी अशी जाळी कोरलेली असे. चौथ्या शतकातील लायकर्गस चषक याच घराण्यातला; बाहेरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो आणि आतून पडला तर लाल. काचेत विखुरलेल्या सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे हे घडते, असे पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

नेट्रॉनची काच साम्राज्याच्या पश्चिमेकडील पतनानंतरही काही शतके टिकली. आठव्या-नवव्या शतकांत नेट्रॉन मिळेनासा झाला, तेव्हा पूर्वेकडे क्षारयुक्त वनस्पतींची आणि उत्तर युरोपात लाकडाची राख वापरणे सुरू झाले. बाराव्या शतकात थिओफिलस या भिक्षूने लिहिले आहे की, फ्रान्सचे कारागीर जुन्या इमारतींच्या मोझेइकमधील काचेचे चौकोनी खडे आणि निळी भांडी गोळा करतात, आणि ती वितळवून खिडक्यांसाठी निळी काच करतात.