रसायन गळती आणि बंबवाले (खानदेश)

रसायन गळती म्हणजे टँकर, सिलिंडर, ड्रम नाहीतर कारखान्याच्या टाकीतून ॲसिड, गॅस, सॉल्व्हंट, कीटकनाशक असलं काहीतरी बाहेर येणं. फायर स्टेशनात याला हॅझमॅटचा (धोकादायक मालाचा) कॉल म्हणतात. आगीच्या कॉलला बंब जितक्या लवकर पाणी मारेल तितकं चांगलं, पण इथे काय सांडलंय ते कळायच्या आधीच मारलेलं पाणी बऱ्याचदा नुकसान वाढवतं, म्हणून पहिली काही मिनिटं लांबून बघण्यातच जातात आणि जमलेल्या लोकांना वाटतं हे बंबवाले नुसते उभे काय राहिलेत.

खानदेशात हा विषय मुख्यतः हायवेचा. हजिरा, अंकलेश्वर, दहेजकडून भरून निघालेले टँकर नवापूर, कोंडाईबारी घाट, धुळे, जळगाव, भुसावळ करत विदर्भाकडे जातात (जुना सहा नंबर, आता ५३), आणि मुंबई-आग्रा रोडवर लळिंग घाट, शिरपूरच्या पुढे बिजासन घाट, शिवाय चाळीसगावचा कन्नड घाट आहेच. त्यात एमआयडीसी, कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया, पाणीपुरवठ्याच्या फिल्टर प्लांटवरचा क्लोरीन. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीला केमिकल कारखान्यात स्फोट होऊन डझनाहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून इकडे कारखान्याचा कॉल आला की लोकांना तेच आठवतं.

सगळ्यात आधी वारा. गाडी वाऱ्याच्या पाठीकडून आणायची आणि उंचावर लावायची, तोंड परतीच्या दिशेला, म्हणजे पळायची वेळ आली तर रिव्हर्स मारत बसायला नको. वारा बघायला यंत्र लागतंच असं नाही, मूठभर माती सोडली तरी कळतं. ज्याने खळ्यावर उपणणी केलीय त्याला हे शिकवावं लागत नाही, भुसा ज्या बाजूला उडतो तिकडे कोणी उभं राहत नाही, इथे भुसा दिसत नाही एवढाच फरक. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा जड गॅस नाल्यात, शेताच्या चारीत, पुलाखाली साचून राहतो आणि ऊन तापेपर्यंत हलत नाही, ती वेळ जास्त वाईट.

मग पाटी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर मालाचं नाव, यूएन नंबर (प्रत्येक धोकादायक मालाला जगभर ठरवून दिलेला चार आकडी नंबर), धोक्याचं चौकोनी चित्र आणि इमर्जन्सीचा फोन लिहिलेली पाटी लागते, आणि ड्रायव्हरजवळ ट्रेम कार्ड, म्हणजे त्या मालाचं काय करायचं याचा कागद. अडचण अशी की ड्रायव्हर बऱ्याचदा मार खायच्या भीतीने पळालेला असतो आणि कार्ड, बिल्टी सगळं केबिनमध्ये. म्हणून दुर्बीण लावून लांबूनच नंबर वाचतात. १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १८३० सल्फ्युरिक ॲसिड, हे पाच तरी पाठ पाहिजेत. बऱ्याच टँकरवर हॅझकेम कोड पण असतो, म्हणजे बंबवाल्यांनी काय करायचं ते आकड्या-अक्षरांत. पेट्रोलचा ३वायई, त्यातला ३ म्हणजे फोम मारा, वाय म्हणजे नेहमीचा फायर किट आणि बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडाला मास्क) चालेल पण माल गटारात जाऊ देऊ नका, ई म्हणजे लोकं हलवायचा विचार करा. सल्फ्युरिकचा २पी, म्हणजे बारीक फवारा आणि अंगात पूर्ण केमिकल सूट. तीन अक्षरांत अर्धं काम सांगून टाकलंय.

आता पाण्याचं. ९८ टक्के सल्फ्युरिकच्या थारोळ्यात सरळ धार मारली तर उष्णतेने ते उकळून उडतं आणि मारणाऱ्याच्याच अंगावर येतं, त्यामुळे आधी शेजारच्या वीटभट्टीवरचा नाहीतर रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बोलवून मुरमाचा बांध घालतात, मग सावकाश चुना किंवा सोडा ॲश. अमोनिया हवेपेक्षा हलका आणि पाण्यात भरपूर विरघळतो, म्हणून ढगावर बारीक फवाऱ्याचा पडदा धरतात, पण खाली साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडू द्यायचं नाही, तो उणे ३३ अंशाला उकळतो आणि आपलं कोमट पाणी म्हणजे त्याला चुलीवर ठेवल्यासारखंच. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. गळती कुठून होतेय ते शोधायला काठीला अमोनियात भिजवलेलं फडकं बांधून फिरवतात, जिथे पांढरा धूर उठला तिथे गळती. सिलिंडर फिरवून गळकी बाजू वर आणतात, म्हणजे द्रव न येता फक्त गॅस येतो, कारण द्रव बाहेर पडला तर त्याचा चारशेपटीहून जास्त गॅस होतो. गळतीवर थेट पाणी मारलं तर तिथे ॲसिड तयार होऊन भोक मोठं होतं.

कॅल्शियम कार्बाईड वेगळंच प्रकरण. रावेर, यावलच्या केळीपट्ट्यात हे नाव सगळ्यांना माहीत, फळं पिकवायला त्यावर बंदी आहे आणि आता इथिलीनचे चेंबर आलेत, पण गॅस वेल्डिंगसाठी ड्रम फिरतात. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन होतो, हवेत अडीच टक्क्यांपासून पुढे पेट घेतो. इथे कोरडी वाळू, पावसाळ्यात वर ताडपत्री, आणि पाण्याचा होज गाडीवरच राहू द्यायचा.

इथेनॉलचे टँकर पण पेट्रोलसारखेच धरायचे असं वाटतं, पण साधा फोम त्यात विरघळून बसतो, अल्कोहोलचा वेगळा फोम लागतो. ज्वाळा पण दुपारच्या उन्हात जवळपास दिसत नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. एलपीजीचा पांढरा ढग म्हणजे हवेतली गोठलेली वाफ, खरा गॅस त्याच्या पुढे गेलेला असतो, आणि पुढे ढाब्याची भट्टी चालू असली की संपलं. म्हणून टँकर गळायला लागला की आधी भट्ट्या विझवा, गाड्यांना चालू-बंद करू नका. टँकरखाली आगच लागली असेल तर अमेरिका-कॅनडात वापरलं जाणारं मार्गदर्शक पुस्तक एलपीजीला १६०० मीटर आणि पेट्रोलला ८०० मीटर अंतर सांगतं. आपल्याकडे लोकं ऐंशी मीटरवर मोबाईल धरून उभी असतात. डिझेल सांडलं तर कॅन घेऊनच येतात. तठे नका जाऊ रे भो, वास ई राहिना (तिकडे नका जाऊ, वास येतोय), असं ओरडून थोडे हटतात, बाकीचे पोलिसांच्या काठीनेच.

सगळ्यात कमी बोललं जातं ते सूटबद्दल. पूर्ण बंद केमिकल सूट म्हणजे आत बीए सेट, वरून प्लास्टिकची पिशवी असल्यासारखं. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की १८०० लिटर हवा होते, मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं, पण हा हिशोब कागदावरचा. मेहनत करताना माणूस जास्त ओढतो, ५०-५५ बारला शिट्टी वाजायला लागते, आणि परत येऊन अंग धुवेपर्यंत मास्क काढता येत नाही, म्हणून ती हवा पण राखून ठेवावी लागते. त्यात मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ असताना सूटमध्ये घाम वाळत नाही, पंधरा-वीस मिनिटांत माणूस गरगरतो. दोघं आत जातात, दोघं तयार सूटमध्ये बाहेर बसतात, आत जायच्या आधी आणि नंतर नाडी-बीपी बघतात, आणि एकजण बोर्डावर आत जायची वेळ लिहून घड्याळाकडे बघत राहतो. छोट्या नगरपालिकेच्या स्टेशनात असा सूट असेलच असं नाही. तिथे आत न जाता वाऱ्याच्या पाठीला थांबून रस्ता बंद करणं, वस्ती हलवणं आणि मदत बोलवणं हे कमीपणाचं नाही, तेच बरोबर आहे. मदतीला धुळ्यात एसडीआरएफची (राज्याचं आपत्ती दल) तुकडी आहे, पुण्याला एनडीआरएफची (केंद्राचं दल) पाचवी बटालियन, शिवाय १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याचा क्रायसिस ग्रुप.

काम झालं की धुणं. गरम भागातून, म्हणजे गळतीच्या जागेतून, बाहेर येणारा माणूस एकाच वाटेने येतो, उथळ टबात किंवा ताडपत्रीच्या खोलगट पाळण्यात उभा राहतो, दुसरा सूट घातलेला त्याला वरून खाली ब्रशने घासतो, सूट बाहेरून आत गुंडाळत काढतात, मास्क सगळ्यात शेवटी. आणि ते पाणी नाल्यात सोडायचं नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ कीटकनाशकांच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेलं पाणी ऱ्हाइन नदीत गेलं आणि मासे लांबवर मेले. कपाशीच्या पट्ट्यात औषधांची गोदामं गावोगावी आहेत आणि पाणी शेवटी तापी, गिरणा, पांझरेलाच मिळतं. भिजलेला मुरूम, बारदान, भुसा सगळं ड्रममध्ये भरून रांजणगाव, बुटीबोरीसारख्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवावं लागतं, तोपर्यंत उरलेला माल दुसऱ्या टँकरमध्ये पंपाने घेतात, रिकामा टँकर क्रेनने उभा करतात, आणि अडकलेल्या ट्रकांची दोन-तीन किलोमीटरची लाईन हळूहळू सुटते.