मोठ्या कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉडचं हेड कोणतं घ्यावं?

हेड म्हणजे ट्रायपॉडच्या वर बसणारा, कॅमेरा धरून वळवणारा भाग. आमच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: "हे हेड किती किलो घेतं?" डिजिटल कॅमेऱ्यासाठी तेवढं विचारून भागतं. चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांची सुटी शीट फिल्म घेणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याला भागत नाही. डब्यावरचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने काढते आणि तो सरळ वर ठेवलेल्या वजनाचा असतो. तुमचा कॅमेरा सरळ बसणारा नाही.

कमरेवर घेतलेली कळशी विहिरीपासून घरापर्यंत आरामात येते. तीच हात लांब करून धरा, चार पावलांत खांदा भरून येतो. वजन तेवढंच, फक्त लांब गेलं. बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता, ओढला की कॅमेऱ्याचं असंच होतं. १५० मिमीच्या लेन्सने एखादी वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराची उतरवायची, तर लेन्स फिल्मपासून ३०० मिमीवर, म्हणजे जवळजवळ फूटभर पुढे जाते. त्यात वारा आला की बेलोज शिडासारखा फुगतो.

आणि शटर उघडं असेपर्यंत हे सगळं हलता कामा नये. भर उन्हात १०० आयएसओची फिल्म एफ/१६ ला साधारण १/१०० सेकंद मागते. सगळं स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं भोक बारीक करून एफ/३२ वर गेलात की १/२५. त्यावर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, चढवला की १/६. हे झालं जुन्या गोव्याच्या पटांगणातलं. तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळात, काळ्या दगडाच्या मंडपात, घड्याळाकडे बघत उभं राहावं लागतं.

आता ज्यामुळे तुमचे पैसे वाचतील ते सांगतो. डिजिटलवाल्याला हेड चहूकडे वळणारं लागतं, तुम्हाला लागत नाही. उभी फ्रेम हवी तर कॅमेरा आडवा पाडायचा नसतो. बहुतेक फील्ड (घडी होणाऱ्या) आणि मोनोरेल (एका रेलवर सरकणाऱ्या) कॅमेऱ्यांची पाठच, म्हणजे फिल्म बसते तो मागचा भाग, काढून फिरवून बसवता येते. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर उचलायचा नसतो. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा दर्शनी भाग घ्या. त्याचा एक मनोरा १७७६ साली पडला, उरलेला एकटा उभा आहे. कॅमेरा वर रोखलात तर तोही मागे कलल्यासारखा दिसेल. म्हणून कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि लेन्स बसवलेली पाटी वर सरकवायची. मंगेशीच्या दीपस्तंभाचंही तेच. म्हणजे हेडचं खरं काम थोडंसं: कॅमेरा पाणसळीत आणायचा, हवा तेवढा डावी-उजवीकडे वळवायचा आणि मग दगडासारखं बसून राहायचं. काही जुन्या प्रेस कॅमेऱ्यांची पाठ फिरत नाही. तसा कॅमेरा असेल तर आधी सांगा, त्याचा हिशेब वेगळा.

बॉल हेड आम्हीही विकतो, पण मोठ्या कॅमेऱ्याला शक्यतो देत नाही. त्यात एकच गोळा आणि एकच नॉब. डावीकडे केसभर झुकलेलं सरळ करायला नॉब सैल केला की पुढचं-मागचंही सुटतं. आमचाच एक कॅमेरा तांबडी सुर्लाला असाच तोंडावर आपटला. फोकस बघताना डोक्यावर घेतात त्या काळ्या कापडाखालून एका हाताने नॉब सैल केला, दुसरा हात लूपवर, म्हणजे फोकस तपासायच्या भिंगावर. लेन्स ट्रायपॉडच्या पायावर आदळली आणि फिल्टरचे आटे चेपले. लेन्स वाचली, दिवस गेला. मोठ्या गोळ्याचं, चांगल्या कंपनीचं बॉल हेड दोन-अडीच किलोच्या फील्ड कॅमेऱ्याला चालून जातं, पण दुसरा हात कायम कॅमेऱ्यावर हवा.

थ्री-वे हेडमध्ये तिन्ही दिशा वेगळ्या, लॉकही वेगळे. एक सरळ करताना बाकीचे जागचे हलत नाहीत. आमच्याकडून बहुतेकांना हेच जातं. बुटकं घ्या, उंच हेड म्हणजे कॅमेऱ्याखाली आणखी एक मान. वळवायचे दांडे मात्र तपासून घ्या. लांब दांडा काळ्या कापडाखाली थेट छातीत टोचतो आणि कधी कॅमेऱ्याच्या बैठकीलाच अडतो. एक दांडा कापून आखूड करून द्यायचं काम आम्ही बऱ्याचदा केलंय.

गिअर हेड, म्हणजे दात्यांच्या चाकांवर फिरणारं हेड, वापरलं की मागे जावंसं वाटत नाही. नॉब फिरवाल तेवढंच हलतं, लॉक करायची गरजच नाही. घरं, देवळं, चर्च यांची चित्रं घेणाऱ्याला यासारखं दुसरं नाही. पण वजन बघा: मॅनफ्रोटो ४१० स्वतः सव्वा किलोच्या आसपास भरतं आणि कंपनी त्यावर ५ किलो सांगते, मोठा भाऊ ४०५, त्याला साडेसात. आठ बाय दहाला ४१० मागू नका. जुनं घेत असाल तर नॉब उलटसुलट फिरवून दात्यांत किती खेळ आहे ते आधी बघा.

चौथा पर्याय कोणी विचारत नाही, तो म्हणजे हेडच नको. ट्रायपॉडवर फक्त लेव्हलिंग बेस, म्हणजे पाणसळीत आणणारी बैठक, आणि त्यावर कॅमेरा. जड आठ बाय दहासाठी आणि स्टुडिओतल्या आजोबांच्या लाकडी कॅमेऱ्यासाठी आम्ही बरेचदा हेच सुचवतो. स्वस्त पडतं, आणि हलायला काही उरतच नाही.

स्क्रूबद्दल थोडं. कॅमेऱ्याखाली दोन सुती (१/४ इंच) भोक असतं किंवा तीन सुती (३/८ इंच). तीन सुती असेल तर त्याच मापाचा बोल्ट लावा, मध्ये अडॅप्टर घालून दोन सुतीवर आणू नका. लाकडी कॅमेरा एकाच स्क्रूवर हळूहळू गरगरतो; कॅमेऱ्याखाली बसणारी, कडेला ओठ असलेली प्लेट घ्या. बेलोज ओढल्यावर वजन पुढे जातं, म्हणून लांब प्लेट घेतलीत तर कॅमेरा मागे सरकवून तोल सांभाळता येतो. मोनोरेलवाल्यांनी रेलच मागे सरकवायची.

घेण्याआधी दुकानातच एक परीक्षा करून बघा. कॅमेरा हेडवर चढवायचा, बेलोज पूर्ण ओढायचा, ग्राउंड ग्लासवर, म्हणजे चित्र दिसतं त्या मागच्या दुधी काचेवर, लूप लावून समोरच्या विजेच्या खांबावरची एक खूण चौकटीच्या रेषेवर आणायची. लॉक करा, हात काढा. खूण खाली सरकली? थोडी सरकतेच, पण परत-परत सारखीच सरकते का ते बघा. आता फिल्म होल्डर, म्हणजे शीट फिल्मची चपटी पेटी, आत घाला. स्प्रिंगची पाठ उघडताना जो धक्का बसतो तो वाऱ्यापेक्षा मोठा. होल्डर काढून पुन्हा बघा. खूण जागेवर असेल तर हेड चांगलं, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. एक शीट म्हणजे काही शे रुपये. दुकानात दहा मिनिटं उभं राहणं परवडतं.

आपल्याकडची खारी हवा ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टीलचा स्क्रू वर्षभरात चिकटवते. किनाऱ्यावरून आल्यावर हेड गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. नळाखाली धरू नका. बॉल हेडच्या गोळ्याला तेल तर अजिबात नको. घर्षणावरच त्याची पकड आहे. गिअर हेड पावसाळा संपला की आणून द्या, उघडून ग्रीस बदलून देतो. पावसात कशालाही चामड्याच्या केसमध्ये झोपवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायचा असेल तर परवानगी आधी काढा, नाहीतर एवढं घेतलेलं हेड गाडीतच राहील.

हेड बघायला येताना कॅमेरा, तुमची सर्वांत जड लेन्स आणि एक रिकामा फिल्म होल्डर घेऊन या. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.